शनिवारी दोन अक्षरंसुद्धा नाहीत : माझी कोलंबियन, ज्यू आणि लिहिणारी मैत्रीण

निळीशाई

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, पण तिची परवानगी मिळत नव्हती. परवा मिळाली, दोन अटींवर. नाव द्यायचं नाही, आणि टोपणनाव म्हणून 'रूथ' (बायबलातली, परकी असून ज्यूंमध्ये आलेली बाई) तर अजिबात द्यायचं नाही. "धर्म बदलून ज्यू झालेली दर तिसरी बाई रूथ असते," म्हणाली. तेव्हा इथे ती नुसती 'ती'.

मी न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्सच्या जॅक्सन हाइट्समध्ये राहते. ७४व्या रस्त्यावर आपली दुकानं: कढीपत्ता, सोनं, पानाची गादी. तिथून दोन मिनिटांवर रूझवेल्ट अव्हेन्यू, डोक्यावरून सात नंबरची ट्रेन धडधडत जाते आणि खाली सगळ्या पाट्या स्पॅनिश. आमची ओळख लायब्ररीतल्या संध्याकाळच्या लेखनवर्गात झाली. मी मराठीत लिहून इंग्रजीत वाचून दाखवायचे. ती इंग्रजीत लिहायची आणि अडली की स्पॅनिशमध्ये स्वतःशी पुटपुटायची. सहा वर्षांची असताना ती कोलंबियातल्या मेदेयीनहून आईबरोबर इथे आली. लांब स्कर्ट आणि डोक्याला घट्ट बांधलेला रंगीत रुमाल बघून मला वाटलं, कुठल्यातरी चर्चमधली असेल. मधल्या सुट्टीत मी चकल्यांची पिशवी पुढे केली, तर तिने ती उलटी करून मागचा शिक्का शोधला. "कोशर (ज्यू आहारनियमांत बसणारं) नाही," म्हणाली, "पण वास छान आहे."

ज्यू धर्मात कुणाला बोलावून घ्यायची पद्धत नाही. उलट दारात आलेल्याला परत पाठवायचा रिवाज आहे, तोही तीन वेळा. ती पहिल्यांदा गेली तेव्हा रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, चहा पाजला आणि सांगितलं, चांगलं माणूस व्हायला ज्यू व्हावं लागत नाही. दुसऱ्या खेपेला पुस्तकांची यादी हातात दिली. तिसऱ्या खेपेला ती यादी वाचूनच गेली. मग अडीच वर्षं अभ्यास. हिब्रू वाचायला शिकली, स्वयंपाकघर दोनदा रिकामं केलं आणि राहती जागा सोडून फॉरेस्ट हिल्सला गेली, कारण शनिवारी वाहनात बसायचं नाही, सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पायी जाण्याच्या अंतरावर हवं. शेवटी तीन रब्बींचं मंडळ, बेत दीन, समोर बसलं. अशा वेळी काय विचारायचं ते तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, लिहूनच ठेवलंय: हे लोक छळले जातात, हाकलले जातात, हे ठाऊक असूनही तुला यायचंय? आणि उत्तरही तिथेच आहे: ठाऊक आहे, माझी तेवढी पात्रता नाही.

मग मिकवे, म्हणजे पावसाचं किंवा झऱ्याचं पाणी साठवलेलं स्नानकुंड. पाणी आणि अंग यांच्यामध्ये काहीही नको. अंगठी नको, नेलपॉलिश नको, कॉन्टॅक्ट लेन्स नको. "मला चष्म्याशिवाय ढिम्म दिसत नाही," ती सांगते. "माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण मी अंधूक पाहिलाय." पाण्यातून वर आली ती बात आव्राहाम, अब्राहमची लेक म्हणून. शास्त्राप्रमाणे असा माणूस नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा असतो. हे बाळ तेव्हा २७ वर्षांचं होतं आणि त्याला सात नंबरच्या ट्रेनने आईकडे जायचं होतं.

आई कट्टर कॅथलिक. घरात चिकिंकिराच्या माउलीची तसबीर, ही माउली म्हणजे कोलंबियाची रक्षणकर्ती. आई एवढंच म्हणाली, "मी तुला देव कमी पाडला का?" त्यावर तिला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि ते शोधण्यासाठीच आपण लिहितो असं तिला वाटतं. (मला वाटतं, तिला लिहायची खाज आधीपासूनच होती. असो.)

आता लिहिण्याबद्दल, कारण धागा त्यासाठी आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, जी ३९ प्रकारची कामं वर्ज्य आहेत त्यात लेखन येतं, आणि पुसणंसुद्धा. किती लिहिलं की लेखन झालं? दोन अक्षरं. मिश्नात, म्हणजे तालमूदच्या मूळ भागात, तसं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताआधी मेणबत्त्या लावल्या की शनिवारी तारे दिसेपर्यंत पेन नाही, फोन नाही, कीबोर्ड नाही. आणि तिचं म्हणणं, चांगली वाक्यं नेमकी शनिवारी दुपारीच सुचतात. त्यावर तिने युक्ती काढलीय. वाक्य सुचलं की कपाटातलं एक पुस्तक उलटं ठेवायचं. शनिवारी रात्री मोजायची. "तीन पुस्तकं उलटी असतात आणि वाक्यं दोनच आठवतात." मी म्हटलं, तिसरं मग बरं नसेलच. तर वैतागली, "तेच तर बरं असतं!"

दुसरी अडचण याहून मोठी. लाशोन हारा, म्हणजे दुसऱ्याबद्दल वाईट बोलू नये हा नियम. आपल्याकडे चहाडी म्हणतात तेवढंच नाही हे. खरं असलं तरी बोलायचं नाही. आत्मचरित्रपर लिहिणाऱ्या बाईने करायचं काय? आईचा तो प्रश्न लिहिला तर आईची निंदा होते का? तिने रब्बींना विचारलं. रब्बी म्हणाले, आईला वाचून दाखव. तिने दाखवलं. आईने त्यात स्वयंपाकाची एक चूक काढली आणि बाकी सगळं ठेवायला सांगितलं.

तिसरी गोष्ट मी स्वतः पाहिलेली. एका शनिवारी तिच्याबरोबर सिनेगॉगला गेले होते. दारावर पहारेकरी असतो; २०१८ साली पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये गोळीबारात ११ माणसं मारली गेली, तेव्हापासून सगळीकडे जास्तच. त्याने मला दोन प्रश्न विचारले, तिला पाच. तेही समजून घेऊ. आत गेल्यावर एक वयस्कर बाई अगदी गोड हसून तिला म्हणाल्या, "मुलांची खोली खाली आहे हं." तिच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक होतं. सावळी, स्पॅनिश वळणाची बाई म्हणजे कुणाच्यातरी बाळाला सांभाळणारी, हे त्यांनी मनात धरलेलंच होतं. ती नुसती "आभारी आहे" म्हणाली आणि पुढे जाऊन बसली. मला मात्र प्रार्थनाभर ते वाक्य टोचत राहिलं.

गंमत म्हणजे धर्मांतरिताला दुसऱ्यांनी त्याचा भूतकाळ काढून दाखवायला बंदी आहे. 'ज्या तोंडाने निषिद्ध खाल्लं ते तोंड आता तोरा (ज्यूंचं मूळ धर्मशास्त्र) शिकायला आलंय' असं बोलू नये, हे तालमूदमध्ये शब्दाला शब्द आहे. परक्याला दुखवू नका असं तोरा ३६ वेळा बजावते, कुणी म्हणतात ४६ वेळा, असंही तिथेच आहे. मी विचारलं, मग तू स्वतःच तुझा भूतकाळ छापून का आणतेस? म्हणाली, "दुसऱ्यांनी विचारायला बंदी आहे. मी सांगायला नाही."

मुरंबा

सुंदर लिहिलंयस गं. उलट्या पुस्तकांची युक्ती उचलणार आहे, मला अंघोळीत सुचतं.

एक बाळबोध शंका. तिने डीएनए चाचणी केली आहे का? माझ्याबरोबर काम करणारी एक मेक्सिकन मुलगी सांगते की तिची आजी दर शुक्रवारी न्हाणीघरात मेणबत्ती लावायची, का ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे गुप्त ज्यू असणार ना? तुझ्या मैत्रिणीचंही तसंच काहीतरी निघेल. रक्त ओढतं म्हणतात.

अर्धविराम

मुरंबा, शंका बाळबोध नाही, त्यामागे ५०० वर्षं आहेत. थोडक्यात सांगतो (प्रयत्न करतो).

१३९१च्या दंगलींत स्पेनमधल्या हजारो ज्यूंना जिवाच्या भीतीने बाप्तिस्मा घ्यावा लागला. १४७८ साली तिथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं कॅथलिक धर्मन्यायालय, सुरू झालं, ते या नवख्रिस्त्यांवर नजर ठेवायला. ३१ मार्च १४९२ला उरलेल्या ज्यूंसाठी फर्मान निघालं: बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा. पोर्तुगालने १४९७ला सरसकट धर्मांतर घडवलं. यातले बरेच नवख्रिस्ती पुढे अमेरिकेत गेले, आणि इन्क्विझिशन त्यांच्या मागोमाग: लिमा १५७०, मेक्सिको १५७१, कार्ताहेना १६१०. कार्ताहेना म्हणजे आजचा कोलंबिया. तिथला इन्क्विझिशनचा वाडा आता संग्रहालय आहे.

चर्चमध्ये जाहीरनामा वाचला जाई: शेजारी काय करताना दिसला तर कळवायचं. शुक्रवारी दिवे लावतो, शनिवारी धुतलेले कपडे घालतो, मांसातलं रक्त धुऊन काढतो, डुकराचं मांस टाळतो. आज लॅटिन अमेरिकेतली माणसं आपल्या आजीच्या सवयी ज्या यादीशी ताडून बघतात, ती यादी हेरगिरीसाठी केलेली होती! मात्र शुक्रवारची प्रत्येक मेणबत्ती ज्यू नसते. कॅथलिक घरांतही मेणबत्त्या लावतात, आणि आजीच्या आठवणी नातवंडांच्या इच्छेप्रमाणे वळतात, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. डीएनएबद्दल: २०१८ साली पाच लॅटिन अमेरिकन देशांतल्या लोकांच्या जनुकांचा मोठा अभ्यास झाला, त्यात या नवख्रिस्ती 'मरानो' लोकांचा अंश बऱ्याच जणांत सापडला. म्हणजे रक्त निघेलही. पण ते लाखोंचं निघेल, आणि त्यातले बहुतेक उद्याही चर्चला जातील.

लेखनाचा विषय आहे म्हणून लुईस दे कार्वाहाल. मेक्सिकोतला तरुण, नुएवो लिऑनच्या गव्हर्नरचा भाचा. गुप्तपणे ज्यू धर्म पाळायचा आणि 'होसे लुम्ब्रोसो' या नावाने स्वतःचं चरित्र लिहायचा, बारीक अक्षरात, लपवता येईल एवढ्या छोट्या वहीत. ८ डिसेंबर १५९६ला त्याला, त्याच्या आईला आणि बहिणींना मारलं. वही सरकारी दफ्तरात राहिली. १९३२ साली मेक्सिकोच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून चोरीला गेली, २०१६च्या सुमारास न्यूयॉर्कच्या लिलावात वर आली आणि २०१७ला परत गेली. ज्यांनी माणूस जाळला त्यांनी कागद मात्र नीट फाइल करून ठेवले होते.

आडमुठा

लेख चांगला आहे, पण मूळ प्रश्न कुणीच विचारत नाहीये. का? एक धर्म सोडायचा तर सोडा, मी टाळ्या वाजवीन. पण सोडून अशा दुसऱ्या ठिकाणी जायचं जिथे आत घ्यायलाही तयार नाहीत, शनिवारी लिहिलेलं पुसायलाही बंदी, आणि आत गेल्यावर आयाबाई समजतात? यापेक्षा मोकळ्या हवेत राहा की. की लग्नासाठी केलं?

निळीशाई

मुरंबा, आडमुठा, तुम्हा दोघांचे प्रश्न तिच्यापर्यंत पोचवले. उत्तर एकच आहे म्हणून एकत्र देते.

लग्नासाठी नाही. नवरा नंतर भेटला. उलट धर्मांतरामुळे स्थळं कमी झाली, कारण कोहेन म्हणजे पुरोहित घराण्यातल्या मुलाला धर्मांतरित मुलगी चालत नाही. एका ठिकाणी जेवणापर्यंत गेलेली बोलणी तिथेच थांबली. नवरा सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यू घरातला मिळाला याचा फायदा तिला पेसाहच्या सणाला होतो. आश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपकडचे ज्यू लोक पेसाहच्या आठ दिवसांत गव्हाच्या फुगणाऱ्या पदार्थांबरोबर मका, तांदूळ, डाळीही खात नाहीत. बऱ्याच सेफार्दी घरांत मका चालतो. तिचं धर्मांतर आश्केनाझी सिनेगॉगमध्ये झालेलं. म्हणजे लग्नापर्यंत त्या आठवड्यात आरेपा बंद (मक्याची जाड भाकरी, कोलंबियन माणसाचा प्राण). लग्न झालं, नवऱ्याचा रिवाज लागू झाला, आरेपा परत ताटात. "सगळ्यांना वाटतं मी प्रेमात पडले. मी मक्यासाठी लग्न केलं."

'का'चं उत्तर. एकोणीस वर्षांची असताना ती संध्याकाळी एका म्हाताऱ्या बाईंकडे सोबतीला जायची. बाई मूळच्या ग्रीसमधल्या सालोनिकाच्या, ज्यू. पहिल्याच दिवशी बाई तिच्यावर ओरडल्या आणि तिला ते ओरडणं कळलं. स्पॅनिश होतं, पण कधीचं! 'आता'ला बाई 'आओरा' न म्हणता 'आगोरा' म्हणायच्या, 'करणे'ला 'आसेर'ऐवजी 'फाझेर'. ही लादिनो. १४९२ला स्पेनमधून हाकललेल्यांनी तुर्की सुलतानाच्या राज्यात नेलेली आणि जपलेली. देवाला 'दिओस' नाही म्हणायचं, 'एल दिओ'. शेवटचा 'स' अनेकवचनासारखा वाटतो आणि देव तर एक. हे ऐकून ती थांबलीच. एका अक्षरावरून कुणी एवढं अडू शकतं? ज्यांना एक अक्षर एवढं महत्त्वाचं वाटतं त्यांच्यात आपल्याला जागा असेल, असं तिला वाटलं. आडमुठा, तुम्हाला हे पटणार नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही, पण लिहिणाऱ्या माणसाचं कारण म्हणून समजतं.

डिसेंबरात त्या बाईंकडे हनुका या ज्यू सणाला तळलेले गोळे असायचे, बिमुएलोस. तिच्या आईकडे नाताळच्या नोव्हेनाला (नऊ दिवसांच्या प्रार्थनांना) तळलेले गोळे, बुन्युएलोस. पीठ वेगळं, शब्द सख्खा.

आता डीएनए. तिने चाचणी केलेली नाही आणि करणार नाही. तिचं म्हणणं इतकं ठाम आहे की जसंच्या तसं देते: "ज्याला त्याला मला ज्यू आजी द्यायची घाई. सिनेगॉगमधले म्हणतात, नक्की तुझ्यात ज्यू रक्त असेल, तुझा आत्मा 'परतलाय'. संपादक म्हणतात, आजीच्या मेणबत्त्यांवर लिही. माझ्या आजीला मेणबत्ती परवडत नव्हती. माझे पणजोबा अँतिओकियाच्या डोंगरांत खेचरं हाकायचे. मी परत आलेली नाही. मी आले."

मेदेयीनजवळ बेयो नावाचं गाव आहे. तिथल्या एका इव्हँजेलिकल चर्चचा पाद्री आणि त्याच्याबरोबर मंडळीतली बरीच माणसं या शतकाच्या सुरुवातीला ऑर्थोडॉक्स ज्यू झाली. त्यातले कित्येक आपली मुळं त्या जुन्या स्पॅनिश ज्यूंत शोधतात. तिला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण ती वाट तिची नाही, आणि यावर तिचे तिथल्या लोकांशी वादही झालेत.

मांडवीकाठ

अर्धविराम, एक दुरुस्ती. 'मरानो' म्हणजे त्या काळच्या स्पॅनिशमध्ये डुक्कर. शिवी होती ती. ज्यू लोक 'अनुसीम' म्हणतात, म्हणजे ज्यांच्यावर जबरदस्ती झाली ते.

आणि गोव्याला कसे विसरलात? इन्क्विझिशन आमच्याकडे १५६०ला आलं आणि मधली काही वर्षं सोडता १८१२पर्यंत होतं. गार्सिया दा ओर्टा हा पोर्तुगीज वैद्य मूळच्या ज्यू घरातला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. भारतीय औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ला गोव्यात छापलं गेलं. तो १५६८ला वारला, ख्रिस्ती म्हणूनच. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जाळलं. १५८०ला त्याची हाडं उकरून तीही जाळली. पणजीतली म्युनिसिपालिटीची बाग आज त्याच्या नावाची आहे. तिथे बसून भेळ खाणाऱ्यांपैकी कितींना हे ठाऊक असेल?

तुमच्या मैत्रिणीसाठी मुद्दाम सांगतो. ते पुस्तक संवादाच्या रूपात आहे. एक ओर्टा स्वतः, दुसरा डॉक्टर रुआनो. रुआनो नावाचा माणूस नव्हताच, ओर्टाने रचला. तो युरोपातून शिकून आलेला, ग्रंथांचे दाखले देणारा. ओर्टा म्हणतो, सोड ते, मी इथे डोळ्यांनी काय पाहिलं ते ऐक. जन्मभर दोन तोंडांनी जगलेल्या माणसाने पुस्तकही दोन तोंडांनीच लिहिलं, असं मला नेहमी वाटतं. हा माझा अंदाज, विद्वान हसतील.

संत्राबर्फी

'धर्मांतर' हा शब्द आम्हा नागपूरकरांना वेगळाच ऐकू येतो. १४ ऑक्टोबर १९५६, लाखो माणसं, एकत्र. आजोबा सांगायचे की त्या दिवशी एकटं कुणीच नव्हतं. त्यामुळे एकटीने दार ठोठावत अडीच वर्षं उभं राहायचं, हे वाचून अंगावर आलं.

लिहिणारी धर्मांतरित बाई म्हटली की मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नवरा १८९५ला ख्रिस्ती झाला, त्या जवळपास पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, मग स्वतःच्या मनाने १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि सगळं लिहिलं ते हसत हसत, स्वतःची फजिती करत. निळीशाई, मैत्रिणीला सांग की मराठीत तिची एक थोरली जाऊ आहे.

शनवारतेली

हा धागा तीन दिवस नुसता वाचत होतो. आता राहवत नाही.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. घराणं अलिबागकडचं, मी अश्दोदला राहतो, मराठी आईकडून. आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात जोडपी वाचली, असं आम्ही सांगतो. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. पेसाहची हग्गादा, म्हणजे सणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ला छापली गेली. १८७४च्या पुण्याच्या हग्गादेतल्या चित्रांत बायका साड्या नेसून मात्झा (पेसाहची बिनफुगवलेली भाकरी) लाटताना दिसतात. बायबलातल्या गोष्टींवर कीर्तनंही झाली, पेटी-झांजांसकट.

हे का सांगतोय? १९६०च्या दशकात इस्रायलमध्ये आमच्या लोकांची लग्नं इतर ज्यूंशी लावायच्या आधी पिढ्यांची चौकशी करा असा हुकूम निघाला होता. जेरुसलेममध्ये धरणं धरली, शेवटी ऑगस्ट १९६४मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. दोन हजार वर्षं घाणा बंद ठेवला, आणि विचारलं काय? तुमची आजी कोण होती ते दाखवा.

म्हणून तुमच्या मैत्रिणीचं 'मी परत आलेली नाही, मी आले' हे वाक्य वाचून मी आधी चिडलो. खरंच चिडलो. आम्हाला आजी सिद्ध करता करता घाम फुटला आणि ही म्हणते आजी नकोच. मग वाटलं, तिच्याकडे प्रमाणपत्र आहे, तीन सह्यांचं. आमच्याकडे कुठे होतं? रक्त सोडून दाखवायला दुसरं काही नव्हतंच.

आडमुठा

शनवारतेली, प्रतिसाद आवडला. पण मग माझा मुद्दा उलट पक्का होतो: प्रमाणपत्र असो की आजी, तपासनीस तोच. आणि आता इस्रायलचा विषय निघालाच आहे तर

संपादक

आडमुठा, पुढचा मजकूर काढला आहे. त्या विषयावर दोन धागे वाहते आहेत, तिकडे जावे.

आडमुठा

दोन अक्षरंही लिहू देत नाहीत इथे. शब्बाथ शालोम.

निळीशाई

:) आडमुठांचा हा प्रतिसाद तिला वाचून दाखवला, खूप हसली.

शनवारतेली, तुमचा प्रतिसाद मी तिला ओळ न् ओळ भाषांतर करून सांगितला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की तिचं प्रमाणपत्र तिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंय आणि प्रत मुलीच्या जन्मदाखल्याबरोबर, कारण मुलीच्या लग्नात ते मागतील. ज्यांनी सही केली त्या रब्बींचं नाव कुठल्या यादीत आहे की नाही, हेही बघतील. तेव्हा कागद असला की सुटलो असं समजू नका, असं तिने सांगायला सांगितलंय. (इस्रायलमध्ये २०२१च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशात झालेली रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे ऑर्थोडॉक्सांपेक्षा सैल पंथांची, धर्मांतरं नागरिकत्वासाठी मानली. पण लग्न हा रब्बींचा प्रांत, तिथे न्याय वेगळा.)

तिने तुमच्यासाठी एक जुनी गोष्ट दिलीय. बाराव्या शतकात ओवाद्या नावाच्या धर्मांतरिताने मूळच्या कोर्दोबाच्या मायमोनिदीस या थोर ज्यू धर्मपंडितांना पत्र लिहून विचारलं: प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असं येतं, माझे पूर्वज तर नव्हते, मी तो शब्द गाळू का? उत्तर आलं, काही गाळू नकोस, अब्राहम तुझाही बाप. हे पत्र तिला पाठ आहे. पण तुमचा प्रतिसाद ऐकून ती म्हणाली, "मी हे पत्र नेहमी माझ्या बाजूनेच वाचलं. ज्यांच्याकडे पूर्वज होते आणि तरी ज्यांना गाळलं, त्यांनी कुणाला पत्र लिहायचं?" यावर तिला लिहायचंय. दर वर्षी शावुओत जवळ आला, म्हणजे रूथची गोष्ट वाचायचा सण, की ज्यू मासिकांना तिच्याकडून 'मी तुमच्या प्रेमात कशी पडले' हवं असतं. स्पॅनिश मासिकांना 'मी चर्च का सोडलं'. यंदा दोघांनाही शनवार तेल्यांबद्दल पाठवीन म्हणतेय. छापतील का, शंकाच आहे.

तुमची हरकत नसेल तर तिला मलिद्याबद्दल विचारायचंय. मी एकदा अलिबागला आत्याच्या शेजारी खाल्ला होता, पण तेव्हा मी आठ वर्षांची होते, मला फक्त खोबरं आठवतंय.

शनवारतेली

हरकत कसली. लिहा म्हणावं. फक्त 'हरवलेली जमात' असं शीर्षक देऊ नका, आम्ही कधी हरवलो नव्हतो, अलिबागेत होतो.

मलिदा म्हणजे एलियाहू हन्नावीची, म्हणजे बायबलातल्या एलिया प्रेषिताची, आठवण. नवस फिटला, लग्न ठरलं, घर घेतलं, की करतात. पोहे भिजवून घ्यायचे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे. ताटात बाजूला फळं. आधी एलियाहूचं गाणं, मग आशीर्वाद म्हणत एकेक खायचं. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, तिथून एलियाहूचा रथ वर गेला अशी आमची श्रद्धा. दगडावर खूण दाखवतात. दूध-तूप नाही, त्यामुळे मांसाहारी जेवणानंतरही चालतो. तिला सोयीचा पडेल.

मुरंबा

साखर की गूळ? आमच्या शेजारच्या काकू गूळ घालायच्या असं पक्कं आठवतंय.

शनवारतेली

आमच्याकडे साखर. धाकटी आत्या गूळ घालते, आणि त्यावरून दर वेळी भांडण होतं.

निळीशाई

ताजी खबर. आज शुक्रवार, दुपारी आम्ही दोघी आणि तिची मुलगी ७४व्या रस्त्यावरच्या दुकानात पोह्यांच्या पिशव्या उलट्या करकरून शिक्का शोधत होतो. दुकानदार काका आधी घाबरले, त्यांना वाटलं तारीख उलटलीय. शिक्का एकाही पिशवीवर नाही. नुसत्या कोरड्या पोह्यांना लागतो का, हे विचारायला तिने रब्बींना फोन केला. त्यांनी उचलला नाही, मेणबत्त्यांना दीड तास उरला होता. जाड पोहे घेऊन ठेवलेत. उत्तर आता रविवारी.